गुडघे दुखतात म्हणून सासूबाईंनी खाट धरावी का?

खानापूर तालुक्यातील एका गावाहून एका भगिनींनी पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे :

‘माझ्या सासूबाईंचे वय ६१ असून वजन ६८ किलो आहे. चाळीस वर्षे त्यांनी आमच्या शिवारात लावणी, भांगलण, कापणी अशी सगळी कामे केली. गेल्या सुगीत त्यांचे दोन्ही गुडघे दुखू लागले. बेळगावला नेऊन एक्स-रे काढला, तेव्हा “गॅप कमी झाला आहे” असे सांगण्यात आले. त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने “गुडघ्यातले वंगण संपले, आता जितकी हालचाल कराल तितके हाड झिजेल” असे बजावले. त्या घाबरल्या आणि दिवाळीपासून खाटेवर बसून आहेत. दुखणे कमी झाले नाहीच, उलट आता जमिनीवरून उठताना त्यांना दोघींनी धरावे लागते. आमचे मिस्टर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांची कंबर धरते, आणि आपल्यालाही विश्रांतीच हवी असे ते म्हणतात. मुलगा १५ वर्षांचा असून तालमीत जातो. जोर-बैठकांनी त्याची उंची खुंटेल आणि त्याचे गुडघे आपल्यासारखे होतील, असे सासूबाईंना वाटते. यात खरे काय आहे? येत्या आषाढात लावणीला शेतात उतरायचे, एवढीच त्यांची इच्छा आहे.’

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. ज्या बाईला ६१व्या वर्षी चिखलात उतरून रोप लावायचे आहे, तिला चार महिने खाटेवर बसवून ठेवणे म्हणजे तिच्या गुडघ्यांची काळजी घेणे नव्हे, हे मी आधी स्पष्टपणे सांगते. नातेवाइकांनी ते मायेपोटीच सांगितले असणार, याविषयी मला शंका नाही. दुखणाऱ्या माणसाला ‘बस जरा’ म्हणणे ही आपल्याकडची माया दाखवायची रीतच आहे. परंतु सांध्यांच्या बाबतीत ही माया महागात पडते. त्यांना खाटेवरून उठवा. लगेच शेतात नेऊ नका, आज अंगणापर्यंत चालवा. असे का, ते मी सविस्तर लिहिणार आहे आणि माझी विनंती आहे की हे उत्तर त्यांना वाचून दाखवावे, कारण कारण समजल्याशिवाय त्यांच्या मनातली भीती जाणार नाही आणि भीती गेल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडणार नाही.

गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी अशी तीन हाडे एकत्र येतात आणि जिथे ती एकमेकांना टेकतात तिथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो. तुमच्या घरी मटण चालत असेल, तर पुढच्या वेळी सांध्याचा तुकडा भांड्यात टाकण्यापूर्वी हातात घेऊन पाहा. हाडाच्या टोकावर किंचित निळसर झाक असलेले, मोत्यासारखे चकचकीत आवरण दिसेल. बोट फिरवले तर ते सर्रकन घसरते आणि नख रोवले तर क्षणभर दबून पुन्हा वर येते. तीच कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात हा थर काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि वाटीच्या मागे तो सर्वांत जाड असतो. दोन कूर्चा एकमेकींवर घासताना होणारे घर्षण बर्फावर बर्फ घासल्यावर होते त्याहूनही कमी असते. म्हणून ‘चालले की हाडावर हाड घासते’ हे चित्र सासूबाईंच्या डोळ्यांपुढून आधी पुसून टाका.

या कूर्चेचा ७० ते ८० टक्के भाग पाणी असतो. मोड आणण्यासाठी आपण भिजवलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून ठेवतो, तेव्हा मटकी पाणी पिऊन फुगू पाहते, फडके तिला फुगू देत नाही आणि सकाळपर्यंत ती पुरचुंडी टणक होते. कूर्चेची रचना पुष्कळशी अशीच आहे. तिच्यातली काही द्रव्ये पाणी ओढून धरतात, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे त्यांना आवरून धरते आणि या ओढाताणीतून तिला भार पेलण्याची ताकद येते. पाऊल टाकले की क्षणभर बहुतेक भार हे कोंडलेले पाणीच उचलते, कारण इतक्या थोड्या वेळात त्याला बाहेर पाझरता येत नाही. पाऊल उचलले की दाब जातो. पण तोच भार न हलता तासन्‌तास राहिला तर पाणी हळूहळू पाझरून निघून जाते आणि मग सगळा भार धाग्यांच्या जाळ्यावर येतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, ही यापुढची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. हाताला, पोटाला, डोळ्याला रक्तातून पोषण मिळते तसे कूर्चेला मिळत नाही. सांध्यात जो थोडासा चिकट द्रव असतो त्यातूनच तिला आपले अन्न घ्यावे लागते आणि दाब पडणे, दाब सुटणे, पुन्हा पडणे या क्रियेने ते अन्न आतपर्यंत पोहोचण्यास मदत होते. म्हणजे चालणे हेच कूर्चेचे जेवण आहे. जो सांधा महिनोन्‌महिने हलतच नाही त्याची कूर्चा पातळ आणि मऊ होत जाते, हे सांधे बांधून ठेवलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत आणि पाय लुळे पडलेल्या रुग्णांच्या तपासण्यांत दिसून आलेले आहे. सासूबाईंना चालण्याचे भय दाखवणाऱ्यांनी नकळत त्यांच्या गुडघ्यांना चार महिने उपाशी ठेवले.

वंगणाबद्दलही लिहिते. निरोगी गुडघ्यात हा द्रव मुळातच चमचाभरसुद्धा नसतो. गुडघा सुजतो तेव्हा तो कमी होत नाही, उलट वाढतो. फक्त तो पातळ होतो आणि त्याचा बुळबुळीतपणा घटतो. ‘वंगण संपले’ हा शब्दप्रयोग यंत्राच्या हिशेबाने बरोबर वाटतो, परंतु यंत्रात आपण बाहेरून तेल घालतो आणि गुडघ्यात ते आतले अस्तर सतत तयार करत असते. एक्स-रेमधील ‘गॅप’ची गोष्टही समजून घ्यावी. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून हाडांच्या मध्ये मोकळी जागा असल्याचा भास होतो. ती जागा कमी झाली याचा अर्थ कूर्चा आणि तिच्यासोबतच्या गाद्या काही प्रमाणात पातळ झाल्या आहेत. ते खरे आहे, मी ते नाकारत नाही. मात्र कूर्चेत वेदनेच्या नसाही नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर, आजूबाजूचे स्नायू आणि त्यांचे बंध. त्यामुळेच एक्स-रे फार वाईट असूनही बाजाराला चालत जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि एक्स-रे बरा असूनही पायरी चढताना रडणाऱ्याही पाहिल्या आहेत. गेलेली कूर्चा परत पूर्वीसारखी उगवेल असे मी तुम्हाला सांगणार नाही. पण दुखणे आणि अडचण ज्या गोष्टींमुळे आहे त्यांतील बऱ्याच गोष्टी आपल्या हातात आहेत.

मग चाळीस वर्षांच्या कामाने काहीच बिघडले नाही का? बिघडले, पण कामाच्या कष्टापेक्षा कामाच्या बैठकीने जास्त बिघडले. भांगलण करणारी बाई डोळ्यांपुढे आणा. ती दोन्ही पायांवर उकिडवी बसते, टाचा जेमतेम टेकलेल्या, एका हातात खुरपे, दुसरा हात तण उपटत असतो, आणि ओळ संपेपर्यंत ती उभी न राहता तशीच पुढे सरकत जाते. गुडघा जितका जास्त वाकतो तितकी वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते, आणि त्या बैठकीतून उठताना तो दाब शरीराच्या वजनाच्या कित्येक पट होतो. शिवाय दाब पडतो तो कूर्चेच्या त्याच त्या पट्ट्यावर, आणि सुटत मात्र नाही. मटकीच्या पुरचुंडीवर पाटा ठेवून विसरून जावे तसा हा प्रकार आहे. वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा गुडघे टेकून काम करणाऱ्यांत गुडघ्यांचा संधिवात अधिक आढळतो, हे अनेक देशांतील पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणजे एकाच गुडघ्याला एक भार मारतो आणि दुसरा भार तारतो. भार टाळायचा नाही, तर तो किती, किती वेळ आणि कोणत्या कोनात द्यायचा, एवढेच ठरवायचे आहे.

थोडा हिशेबही करू. सपाट जमिनीवर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, कारण वजनासोबत स्नायूंची ओढही सांध्याला दाबत असते. सासूबाईंच्या ६८ किलोंच्या हिशेबाने हा भार १४० ते २०० किलोंच्या घरात जातो. पायऱ्या चढता-उतरताना तो याहून वाढतो. २००५ साली अमेरिकेत वजन जास्त असलेल्या आणि गुडघेदुखीने त्रस्त अशा ज्येष्ठांच्या अभ्यासात असे दिसले की शरीराचे वजन १ किलोने घटले तर प्रत्येक पावलाचा गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. म्हणजे सासूबाईंचे वजन ५ किलो जरी उतरले तरी पावलागणिक २० किलोंची सुटका होते. उपास करून हे साधू नका. भाताचा वाढा थोडा कमी करून हुलगे, डाळ, अंडी यांचे प्रमाण वाढवावे, कारण उपासाने चरबीसोबत स्नायूही जातात आणि त्यांना सध्या स्नायूंचीच सर्वांत जास्त गरज आहे.

स्नायूंविषयी एक घरचा अनुभव सांगते. माझ्या वडिलांचा पाय मोडला होता आणि सहा आठवडे मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होते. ते काढले त्या दिवशी मी शिंप्याच्या टेपने त्यांच्या दोन्ही मांड्या मोजल्या. मोडलेल्या पायाची मांडी चार बोटांनी लहान भरली. हाड जुळले होते, पण त्या पायावर उभे राहताच गुडघा थरथरू लागला आणि त्यांनी घाबरून माझा खांदा धरला. त्या वेळी मी या विषयात नवीन होते. बसून राहिलेल्या शरीराला मिळणारी शिक्षा मी पुस्तकाच्या आधी त्या टेपवर वाचली. सासूबाईंना जमिनीवरून उठताना दोघींनी धरावे लागते, त्याचे मुख्य कारण हेच असावे असा माझा अंदाज आहे. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू पाऊल टेकताना गुडघ्याला बसणारा धक्का झेलतो. तो ढिला पडला की तोच धक्का सरळ कूर्चेवर आणि हाडावर जातो, गुडघा अधिक दुखतो, दुखतो म्हणून माणूस आणखी बसतो आणि स्नायू आणखी गळतो. हे चक्र कुठून तरी तोडावे लागते आणि ते स्नायूपासून तोडणे सर्वांत सोपे असते.

हाडाचीही गोष्ट याच वळणाची आहे आणि ती तुमच्या मिस्टरांना आवडेल, कारण त्यांच्या कारखान्यात क्रेन असणारच. १८६०च्या दशकात झुरिक येथे फॉन मायर नावाचे शरीररचनातज्ज्ञ आणि कुलमन नावाचे अभियंते होते. मायर यांनी उभे कापलेले मांडीचे हाड कुलमन यांच्या पाहण्यात आले. हाडाच्या टोकातील जाळीचे बारीक धागे ज्या दिशांनी वळले होते त्याच दिशांनी वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये भाराच्या रेषा जातात, हे त्या अभियंत्याला तत्काळ ओळखता आले. पुढे १८९२ साली जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी हाड आपल्यावरील भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलते, असे सविस्तर मांडले. आज आपल्याला माहीत आहे की हाडाच्या आत लाखो पेशी भाराची चाहूल घेत बसलेल्या असतात. जिथे भार पडतो तिथे त्या नवीन हाड घालायला लावतात आणि जिथे भार पडत नाही तिथले हाड शरीर काढून घेते. अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून तिथे राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटत असे. खाटेवर बसणे म्हणजे अंतराळात जाणे नव्हे, परंतु दिशा तीच आहे, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे आधीच वेगाने विरळ होत असतात. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. रोजची अंबील किंवा भाकरी आणि सकाळचे ऊन त्यांना जरूर मिळू द्या, मात्र ते कॅल्शियम हाडात बसवण्यासाठी पायांवर उभे राहावेच लागेल.

आता करायचे काय ते लिहिते. सासूबाईंना उंच खुर्चीवर बसवा. त्यांचाच हात मांडीवर, वाटीच्या चार बोटे वर ठेवायला सांगा आणि पाय हळूहळू समोर सरळ करायला लावा. हाताखालचा स्नायू कणकेच्या गोळ्यासारखा मऊ असेल, तो घट्ट होत जाताना त्यांना स्वतःला जाणवला पाहिजे. पाच आकडे मोजेपर्यंत धरून सावकाश खाली सोडावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवडाभराने दुसरा व्यायाम जोडावा : त्याच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उभे राहणे आणि धप्पकन न बसता सावकाश बसणे, आठ ते दहा वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर जाड घोंगडी घडी करून ठेवा, म्हणजे उंची वाढेल. जमू लागले की एकेक घडी काढत जा. चालणे अंगणातल्या पाच मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी वाढवावे.

व्यायाम करताना थोडे दुखेल, आणि ते दुखणे म्हणजे झीज नव्हे, हे त्यांना वारंवार सांगावे लागेल. माप असे ठेवा : सोसवेल इतके दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या जागी आले तर भार योग्य होता, गुडघा सुजला किंवा दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले राहिले तर भार जास्त झाला, म्हणून तो निम्मा करावा, बंद करू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवला नाही तर निराश होऊ नका. स्नायूला खरी ताकद यायला आठ ते बारा आठवडे लागतात.

काठी घ्यायला त्या तयार नसतील. बहुतेक बायका नसतात. तरीही सांगून पाहा आणि काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात द्या. आपण सहसा दुखऱ्या बाजूलाच काठी धरतो आणि तिचा निम्मा उपयोग घालवतो. पायरी चढताना बरा पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा. शौचालयात कमोडची खुर्ची ठेवावी आणि भाजी निवडणे, भांडी घासणे ही कामे उंचावर आणावीत. तेल लावून चोळल्याने बरे वाटत असेल तर खुशाल चोळावे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र रोज घेऊ नयेत, कारण त्या वयात मूत्रपिंड, पोट आणि रक्तदाब यांना त्यांचा त्रास होऊ शकतो. गुडघा लाल आणि गरम झाला, ताप आला, गुडघा मध्येच अडकू लागला, पायावर अजिबात भार देता येईना किंवा रात्री झोपमोड होईल इतके दुखू लागले, तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आणि सुरुवातीला एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडे नेऊन व्यायाम नीट बसतात का ते पाहून घ्यावे. बेळगावात ही सोय चांगली आहे.

तुमच्या मिस्टरांच्या कंबरेचा प्रश्न तरफेचा आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटर मागे असतात. २० किलोंचे कास्टिंग म्हणजे ओतीव भाग त्यांनी पोटापासून लांब, मणक्यापासून ५० सेंटिमीटरवर धरले तर ते पेलण्यासाठी या स्नायूंना दहापट म्हणजे सुमारे २०० किलोंची ओढ लावावी लागते, आणि ती सगळी मणक्यांमधील गादीला दाबते. तेच कास्टिंग पोटाशी घेऊन २० सेंटिमीटरवर आणले तर ओढ ८० किलोंवर येते. वाकलेल्या धडाचे वजन याशिवाय असते. घरी पाण्याने भरलेली घागर एकदा हात लांब करून आणि एकदा कमरेशी धरून पाहिली तर हा हिशेब हाताला कळतो. उचलताना कंबरेतून पिळवटणे टाळावे, वळायचे असेल तर पाय वळवावेत. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपण एखाद्या सेंटिमीटरने उंचही असतो, आणि त्या फुगलेल्या अवस्थेत वाकणे गादीला जास्त जड जाते. कारखान्यात सकाळची पहिली पाळी असेल तेव्हा उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून जड काही उचलू नये. त्यांनाही खाट नको. दुखणे तीव्र असेल तेव्हा एक-दोन दिवस काम हलके ठेवावे आणि चालत राहावे. पायातली ताकद जाणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुलाची काळजी सोडा. जोर-बैठकांनी उंची खुंटते, याला आधार नाही. उंची झपाट्याने वाढते त्या काळाच्या आसपासच्या दोन वर्षांतच माणूस आयुष्यभराच्या हाडांपैकी सुमारे पाव हिस्सा कमावतो, आणि त्या वयात हाडांवर पडलेला भार ही पुढच्या साठ वर्षांची पुंजी असते. तालमीतली तांबडी माती मऊ असते, त्यामुळे पडणाऱ्या अंगाला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि धक्का बोथट होतो. आपल्या जुन्या वस्तादांनी ताक, तेल आणि हळद घालून ती माती जपली ती उगाच नव्हे. लक्ष फक्त बैठकांच्या संख्येवर ठेवा. या वयात स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे मागे राहतात. इर्ष्येने आठवड्यात शंभराच्या तीनशे बैठका करायला गेला तर वाटीच्या खाली नडगीवरचा उंचवटा दुखू लागेल. तसे झाले तर संख्या कमी करावी, तालीम बंद करू नये.

राहिली सासूबाईंची इच्छा. हे पत्र शिमग्याच्या आसपास तुमच्या हाती पडेल. तिथून आषाढापर्यंत तीन-चार महिने मिळतात आणि स्नायू तयार व्हायला तेवढे पुरेसे आहेत. या वर्षी भांगलणीचे उकिडवे बसणे त्यांच्याकडून पूर्ण काढून घ्या. ओळीत लावलेल्या भातात लांब दांड्याचे कोळपे उभ्याने चालवता येते. लावणीच्या दिवशी त्यांना बांधावर उंच चौरंग ठेवून रोपांच्या मुठी बांधायला बसवा आणि दर अर्ध्या तासाने उठून बांधावरून एक फेरी मारायला लावा. चिखलात उतरायचेच म्हणाल्या तर दिवस संपताना नव्हे, सकाळी ताज्या पायांनी, एकाच वाफ्यात आणि तुमचा हात धरून उतरू द्या. कारण चिखलात रुतलेला पाय ओढून काढताना गुडघा पिळला जातो. पाय आधी टाचेकडून मोकळा करावा, मग उचलावा. तोपर्यंत खुर्चीवरच्या किती घड्या निघाल्या, ते मला ज्येष्ठात लिहून कळवा.